काठावरची काठी

कोल्हारच्या बन्सीचा सगळा जन्म प्रवरेच्या काठावर गळ टाकण्यात गेला. या हिवाळ्यात तो सुनेच्या माहेरी कोकणात गेला आणि दुपारी व्याही झोपल्यावर गळ घेऊन एकटाच समुद्रावर पोचला. खडकावर बसून त्यानं घरी फोन लावला.

"अगं, लई मासं हायेत इथं! मघाशी लांब हुते, आता पार पायापाशी येत्यात."

"अहो, पान्याकडं ध्यान ऱ्हाऊ द्या," चांगुणा म्हणाली.

"मी काय नवा हाय व्हय? येतानाच पान्याच्या कडंला काठी रोवलीय."

नदीवरही तो हेच करायचा. हिवाळ्यात प्रवरेचं पाणी धरणातून सोडलं तरच वाढतं, आणि काठी बुडायला लागली की माणसं काठाला निघतात.

स्पीकरवरचं बोलणं ऐकून पीठ मळणारी सून निकिता तशीच उठली. पिठाच्या हातानंच तिनं सासूकडून फोन ओढून घेतला.

"मामा, आत्ता भरतीची वेळ आहे! मागं वळून बघा, काठी दिसतेय का?"

बन्सीनं मागं वळून पाहिलं.

"काठी न्हाई दिसत, पोरी. चालत आलो ती वाळूबी न्हाई दिसत." बन्सीचा आवाज एकदम बारीक झाला. "मला पवता येत न्हाई गं. तुझ्या बापाला फोन लाव. म्हनावं, हे पानी ज्यानं सोडलंय त्याला आदी बंद करायला सांगा."