दोना ओतिलियांची पैज

“थरार घालून, की बिनथराराचं?” चहात साखर किती विचारावं, तसं जुरांदिरने विचारलं. नाताल शहराबाहेरच्या, समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर तो वीस वर्षं उघडी मोटार चालवत होता, आणि माथ्यावर गाडी थांबवून प्रत्येक पाहुण्याला हे विचारल्याशिवाय खाली सोडत नव्हता.

“बिनथराराचं,” मागच्या सीटवरून रोझिल्दा म्हणाली. “आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे.”

“थरार घालून,” पुढे बसलेल्या दोना ओतिलिया म्हणाल्या. “अठ्ठ्याहत्तरची मी आहे. ती नाही.”

जुरांदिरने इंजिन बंद केलं. मायलेकींच्या भांडणात तोंड घालणाऱ्यांतला तो नव्हता.

भांडण काही उताराचं नव्हतं. रोझिल्दाने आईला समुद्र दाखवते म्हणून सेरिदोच्या काटेरी माळावरून इथे आणलं, आणि काल संध्याकाळी समुद्राऐवजी आधी एक फ्लॅट दाखवला. बारावा मजला, खिडक्यांना जाळ्या, खाली पहारेकरी. या वयात तिकडे अकरा गाईंच्या सोबतीने एकटं राहायचं नाही, असं तिने ठरवूनच टाकलं होतं. सकाळी नदीच्या मुखावरचा किल्ला पाहतानाही तोच विषय. तेव्हा म्हातारीने तटाच्या दगडावर हात ठेवून म्हटलं होतं, की पोर्तुगिजांनी एवढ्या जाड भिंती बांधल्या तरी डच आत शिरलेच, मग तुझ्या जाळ्यांचं काय घेऊन बसलीस?

बाकी बाई सकाळपासून नुसत्या हरखल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला, तर चपला हातात घेऊन गुडघाभर आत गेल्या. पाणी चाखून पाहिलं आणि मीठ जरा जास्त झालंय म्हणाल्या. आता या माथ्यावर वारा झग्यात मावेना, खाली निळं पाणी पसरलेलं, आणि लेक म्हणे बिनथराराचं.

“पैज लाव,” त्या मागे वळून म्हणाल्या. “डोळे मिटले नाहीत, ओरडले नाही, तर सोमवारी मी माझ्या गाईंकडे. ओरडले तर तुझा बारावा मजला. पुन्हा शब्द काढणार नाही.”

रोझिल्दाने उतार पाहिला. घराच्या भिंतीसारखा सरळ. काल साध्या लिफ्टमध्ये आईने तिचा दंड घट्ट धरून डोळे मिटून घेतले होते. पैज तिने तिथेच जिंकल्यासारखी होती.

“लागली,” ती म्हणाली.

जुरांदिरने गाडीचं नाक कड्याबाहेर काढलं आणि समोरची जमीन नाहीशी झाली.

रोझिल्दाला आठवतील तेवढे सगळे संत तिने पहिल्या चार हातांतच बोलावले. दोना ओतिलियांनी मात्र टाचा रोवल्या, पाठ मागे टाकली, आणि बिथरलेल्या घोड्यावर बसावं तशा बसल्या. वाळू दातांत गेली तरी डोळे टक्क उघडे. छाती भरून आली. इतका आनंद त्यांना कितीतरी वर्षांत झाला नव्हता, आणि तो आत ठेवायला जागा पुरेना. तोंड आपोआप उघडलं. “एऽऽऽ होऽऽऽऽ!” लांबलचक, बेंबीच्या देठापासूनची हाक निघाली, आणि गाडी पाण्याजवळ थांबेपर्यंत ती चालूच राहिली.

मग सगळं शांत झालं. रोझिल्दाने डोळ्यांतली वाळू पुसली.

“आई, तू ओरडलीस.”

म्हातारीचा चेहरा उतरला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. “हो,” त्या म्हणाल्या. “ओरडले खरी.”

“ती हाक होती, ताई,” आता मात्र जुरांदिरला राहवेना. “माझा आजा ती घालून संध्याकाळी गुरं घरी आणायचा. ओरडलात त्या तुम्ही.”

रोझिल्दाने त्याला गप्प केलं. पैजेत हाकेची सवलत नव्हती, आणि तुम्ही आपली गाडी बघा.

टेकडीच्या पायथ्याला पाहुण्यांना फिरवायचे उंट बांधलेले होते. त्यातला एक म्हातारा, डोक्यावर गवती टोपी घातलेला, चार थपडा खाल्ल्याशिवाय जागचा हलत नसे. त्याने हाकेच्या दिशेने मान वळवली. खुंटी उपटली, दोरी वाळूतून ओढत तो डुलत डुलत निघाला. मालक मागून शिव्या देत धावला, पण उंट ऐकेना. सरळ गाडीपाशी येऊन त्याने दोना ओतिलियांच्या पुढ्यात मान खाली घातली.

“तुला नव्हतं रे बोलावलं,” त्या म्हणाल्या आणि त्याच्या दोन डोळ्यांमध्ये बोटांनी खाजवू लागल्या.

रोझिल्दा आईच्या त्या हाताकडे बराच वेळ बघत राहिली. मालकाने दोरी ओढली, उंट हलला नाही.

“सोमवारची बस पहाटे पाचची आहे,” ती म्हणाली. “मला उठव.”