खिडकीजवळची खुर्ची

“एवढंच सांगा ताई, माझ्याबद्दल काय म्हणायची ती?”

समुपदेशक बाईंनी पाण्याचा पेला टेबलावर त्याच्या बाजूला सरकवला. त्याने हातही लावला नाही. तो दाराशी उभाच होता, हेल्मेट पोटाशी धरून. त्याची बायको दर आठवड्याला या खोलीत यायची. ती आजाराने गेली, त्याला आता महिना झाला होता.

“ते त्यांचं बोलणं आहे,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “त्या नाहीत म्हणून ते माझं होत नाही.”

“अहो, ती आता कुठं रागवायला येणार आहे?”

“म्हणूनच तर जास्त जपायचं.”

तो कसनुसा हसला. “तोंडाला कुलूप लावून बसलात.”

“किल्ली त्यांच्याकडेच राहिली हो.”

हसू विरलं. मग तो हेल्मेटशीच बोलावं तसं बोलू लागला. “तिला मीच आणून सोडायचो. पण एकदाही आत आलो नाही. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहायचो. बाहेर आली की विचारायचो, झाल्या का माझ्या चहाड्या करून? ती नुसती हसायची. हो नाही, की नाही नाही.” त्याने नाक ओढलं. “खरंच करत असेल, तर तेही सांगा. चालेल मला. पण हे असं अधांतरी... डोळ्याला डोळा लागत नाही, ताई.”

बाईंच्या जिभेच्या टोकावर एक वाक्य आलं. तेवढं एक सांगितलं असतं, तर या माणसाला आज झोप लागली असती. त्यांनी डोळे मिटले. देवापुढे मिटावेत तसे. वाक्य परत आत गेलं.

“मला नाही सांगता येणार,” त्या म्हणाल्या.

तो जायला वळला आणि थांबला.

“बसायची कुठं, एवढं तरी?”

खोलीत येणाऱ्यांसाठी दोन खुर्च्या होत्या. एक भिंतीलगत, गादीची, हातांची. दुसरी खिडकीजवळ, साधी लाकडी. बाईंना एवढं सांगायलाही क्षणभर थांबावं लागलं. मग त्यांनी खिडकीकडे बोट केलं.

“ही?” तो चकित झाला. “तिची तर कंबर धरायची. घरी पाठीला उशी घेतल्याशिवाय टेकायची नाही. ती मऊ खुर्ची सोडून इथं?”

बाईंनी नुसती बसायची खूण केली.

तो त्या खुर्चीवर टेकला. अवघडून, दुसऱ्याच्या जागेवर बसावं तसा. हेल्मेट मांडीवर ठेवलं. पाठ सरळ केली आणि सहज समोर पाहिलं.

खाली रस्ता होता. रस्त्यापलीकडे बंद दुकान.

“ताई,” तो म्हणाला, आणि पुढचं त्याच्या तोंडून लवकर उमटेना. “इथून पायरी दिसते.”

बाई उठल्या. अर्धवट ओढलेला पडदा त्यांनी पूर्ण बाजूला केला आणि आपल्या जागेवर येऊन बसल्या.

पायरी रिकामी होती. तो तिच्याकडे बघत राहिला, कुणीतरी तिथं बसलेलं असावं तसा.