उसातली धाप

ते पुन्हा चालू लागलं. मोनालीनं पायडल मारलं की डाव्या हाताच्या उसात पाचट करकरायचं. ती थांबली की तेही थांबायचं. पहाटेचा अंधार, एका अंगाला पाट, दुसऱ्या अंगाला डोक्यावर गेलेला ऊस आणि मधे ट्रॅक्टरनं उखणलेली वाट. तिनं देवाचं नाव घेतलं आणि पुन्हा पायडल मारलं.

भामाबाईची शेळी बिबट्यानं गोठ्यातून उचलली, तेव्हापासून सगळी वस्ती दिवस मावळला की दारं लावून बसायची. मोनालीनं कसली दारं लावायची? तिची कंपनीतली पाळी पहिली, पहाटेची. फाट्यावर रांजणगावच्या कंपनीची गाडी यायची, ती कुणासाठी थांबायची नाही. गाडी चुकली की खाडा. आणि कंत्राटातल्या बाईचे खाडे वाढले की तिच्या जागेवर दुसरी बाई उभीच. नवरा सुमित दौंडला रेल्वेत, घरी यायचा तो रविवारपुरता. घरात मागं राहिले सासरे, ज्ञानदेव आबा. ती निघायची तेव्हा गोठ्यातल्या बाजेवर गोधडी डोक्यावरून ओढलेली असायची. जाते म्हणून सांगावं, तर हूं नाही की चूं नाही.

एकदा तिनं धीर करून सांगितलं, "आबा, उसातनं रोज माझ्या बरुबर कायतरी चालतंय. बिबट्याच हाय."

आबा भाकरी कुस्करत होते. "आसंल," म्हणाले आणि वाटी पुढं केली, दूध वाढ म्हणून.

मोनालीच्या अंगाचा तिळपापड झाला. सुनेला जनावरानं ओढून नेलं तरी या माणसाला आधी दूध लागेल!

सुमितनं आपल्या परीनं तोड काढली. जुन्या सायकलवर त्या वाटेनं जोर करायची सोय नव्हती, हाडं खिळखिळी व्हायची. तेव्हा सायकलच बदलायची. तिघं शिरूरला पॉलच्या दुकानात गेले.

"हिला नुसतं पुढं शॉकअप हाय," पॉल म्हणाला. "मागनं दणके बसणारच, वहिनी. आन् ती पल्याडची लई दबती, झोपाळ्यागत. डोंगरावरनं उड्या मारायला बरी, पण पायडल मारून जीव जाईल. तुम्ही ही मधली घ्या. पुढं-मागं दोन्हीकडं चार बोटं दबती. खड्डाबी खाती आन् पळतीबी."

मोनालीनं सीटवर सगळा भार टाकून पाहिला. सायकल खाली गेली आणि अलगद वर आली. तिला पटली. आबा मात्र सायकलीभोवती फेऱ्या मारत होते. शेवटी पॉलला म्हणाले, "हिच्यापरीस जरा हळू पळनारी न्हाई का?"

सुमित हसत सुटला. मोनालीला काही हसू आलं नाही.

नव्या सायकलवर वाट खरंच मऊ झाली. पण मागची स्प्रिंग ढिली होती. पायडल मारलं की सीट खाली-वर व्हायची आणि निम्मा जोर तिथंच मुरायचा. उसातलं ते काही मागं हटेना. उलट आता त्याची धाप ऐकू यायला लागली. जाड, घशातून ओढलेली, अगदी बाजूला. जनावर चवताळलं, दुसरं काय! भीतीनं तिचे हात हँडलवरून सुटेनात. कंपनीत खोकी चिकटवतानाही ती मधेच मागं वळून बघायची.

रविवारी ती सुमितला घेऊन पुन्हा पॉलकडं गेली. त्यानं मागं कडक स्प्रिंग टाकली, खरबरीत रुंद टायर चढवले, मागचं दातेरी चक्र बदलून लहान बसवलं. "आता बिबट्या काय, यस्टीबी मागं पडंल," तो म्हणाला.

सोमवारी उसाशी आल्यावर तिनं दात आवळले आणि जोर केला. सायकल सुसाट निघाली. खड्डे चाकाखाली नुसते गिळले जात होते. पाचट बाजूला करकरलं, मग मागं करकरलं. धापही मागं पडली. सुटले गं बाई! ती एकटीच मोठ्यानं हसली.

तेवढ्यात मागं काहीतरी धप्पकन पडलं. "आई गं!" असा आवाज आला.

माणसाचा आवाज होता.

तिनं ब्रेक दाबले. समोर फाट्यावर कंपनीच्या गाडीचे दिवे दिसत होते. कुणाला तरी धरलं बिबट्यानं, तिच्या मनात आलं. पळून जावं असं वाटलं. खरंच वाटलं. पाय पायडलवर तयारच होते. मागून पुन्हा कण्हणं आलं. मोनालीनं सायकल फिरवली. "हाड! हाड मेल्या!" असं घसा फुटेस्तोवर ओरडत, रडत ती उसाकडं निघाली.

उसाच्या कडेला, पाणी द्यायच्या दंडात एक माणूस आडवा झाला होता. मुंडासं सुटलेलं, हातात काठी, एक पाय मुडपलेला. छाती भात्यासारखी वर-खाली होत होती. तीच ती जाड धाप.

आबा होते.

त्यांना बघताच मोनाली सायकलवरून खाली उतरली, ओढणी डोक्यावर घेतली. वडीलधारं माणूस समोर आलं की सुनेनं सायकलवर बसून राहायचं नाही, ही वस्तीची रीत अंगात मुरलेली. मग तिला रडू आवरेना.

"आबा, रोज तुमीच व्हता? आन् बाजेवर नुसती गोधडीच आसायची? आवो, उसात बिबट्या हाय! आत कशाला शिरायचं? रस्त्यानं चालायला काय झालं व्हतं?"

फाट्यावर गाडीनं हॉर्न दिला. आबांनी तिकडं पाहिलं आणि काठीनं तिला जा, जा अशी खूण केली.

"रस्त्यावर मी दिसलो आसतो तर अशीच रोज खाली उतरली आसतीस, पोरी," ते म्हणाले. "आन् तुजी गाडी चुकली आसती."