सातवे नाव

शोधनिबंधाच्या संदर्भसूचीसाठी दोन पद्धतींपैकी एक निवडावयाची होती. दोन्ही क्रमांकांच्याच, परंतु एकीत पहिल्या सहा लेखकांची नावे देऊन पुढे ‘व इतर’ लिहीत, तर दुसरीत सर्वच नावे देत. विभागाचे वृद्ध टंकलेखक काका आज प्रथमच हट्टाला पेटले होते.

“मॅडम, सगळी नावं घेऊ या.”

“काका, संदर्भसूची आहे ही, लग्नपत्रिका नव्हे! सगळे भाऊबंद कशाला?” प्राध्यापिका हसल्या.

“एकोणिसाव्या संदर्भात सातवं नाव आमच्या थोरलीचं आहे. तिचं छापून आलेलं तेवढंच काम. पुढचं करायला ती राहिली नाही.”

प्राध्यापिकांचे हसू मावळले. त्या हलकेच म्हणाल्या, “एकाची घेतली तर सगळ्यांची घ्यावी लागतील हो. अडतीस संदर्भ आहेत.”

“घेतो की.”

काकांनी क्रम सोडून प्रथम एकोणिसावा संदर्भच उघडला. एकेक अक्षर निरखीत त्यांनी सहा नावे उतरविली, आणि तीस वर्षांच्या सरावाने बोटांनी आपसूकच पुढे ‘व इतर’ असे उमटविले.

काकांचे हात तेथेच थिजले.

“काय झालं काका?”

“काही नाही मॅडम. हाताला वळणच तसं पडलंय,” पडद्यावरील नजर न हलविता काका म्हणाले. “आजवर कोणाकोणाची लेकरं यात लोटली असतील, कोण जाणे.”