हातानं काढलेलं

"तक्रार आलीय," लोरेन हळू आवाजात म्हणाली. "तुझी चित्रं तू काढत नाहीस, मशीन काढतं, असा फोनवर कोणीतरी निरोप ठेवलाय."

ऐली थर्मासच्या झाकणात कॉफी ओतत होती. तिनं झाकण टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "मग आता?"

लोरेन फार अवघडली होती. सरोवराकाठच्या या शनिवारच्या कलाबाजाराची ती प्रमुख, आणि नियमही तिच्याच समितीनं केलेला. मशीननं बनवलेलं चित्र इथं विकायचं नाही. कोणी तशी तक्रार केली तर चित्रकारानं चारचौघांत चित्र काढून दाखवायचं. आजवर अशी वेळ कोणावर आली नव्हती. निरोप देणाऱ्यानं नाव सांगितलं नव्हतं. आवाज घोगरा, बाई की बुवा तेही कळेना. लोरेननं पुन्हा पुन्हा माफी मागितली.

शेजारच्या स्टॉलवर गस आपली मातीची भांडी मांडत होता. त्याच्या कानावर सगळं गेलं होतं. तो तावातावानं इकडे आला आणि समोरच्या रांगेकडे हनुवटी उडवून म्हणाला, "यात शोधायचं काय? त्याच्याच पोटात दुखतंय."

समोर वेंडेलचा स्टॉल होता. दीपगृहांचे आणि गोठलेल्या सरोवराचे फोटो विकणारा वेंडेल तोंडाचा फटकळ. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ऐलीच्या चित्रांसमोर उभा राहून तो म्हणाला होता, की हे पक्षी जरा जास्तच सफाईदार आलेत. ते सगळ्यांनी ऐकलं होतं.

"जाऊ दे रे," ऐली म्हणाली. "काढून दाखवते."

ऐलीची सगळी नोकरी डुलुथ शहरातल्या एका कॅलेंडरच्या कंपनीत झाली. पक्षी, बर्चची झाडं, पहिलं बर्फ. मग कंपनीनं चित्रं काढणारं मशीन घेतलं आणि ऐलीला केक कापून निरोप दिला. त्याचं तिला फारसं वाईट वाटलं नाही. आता कोणाच्या मापानं काढायला नको, आपल्या मनासारखं काढू, असं म्हणून ती या गावी येऊन राहिली.

वाईट वाटलं ते या उन्हाळ्यात. लोक स्टॉलपाशी थांबायचे, वाकून बघायचे, सुंदर आहे म्हणायचे. मग नवरा बायकोच्या कानात काहीतरी पुटपुटायचा आणि दोघं पुढं जायची. एका बाईनं तर अगदी प्रेमानं विचारलं होतं, की कुठलं अॅप वापरता? हातानं काढते, असं ऐलीनं सांगितल्यावर ती बाई हसली. गृहपाठ झाला म्हणणाऱ्या पोराकडे बघून हसावं तशी. भांडावं तर कोणी आरोप करत नव्हतं, आणि स्टॉलवर बसून काढून दाखवावं तर गर्दीनं वाट अडते म्हणून समितीची त्याला बंदी होती.

लोरेननं हिरवळीवर खुर्ची आणि फळी मांडून दिली. बातमी पसरली होतीच; हातातली खारवलेल्या माशाची सँडविचं घेऊन लोक गोळा झाले. कशाचं चित्र काढू, असं ऐलीनं विचारलं.

"वेंडेललाच बसवा," गस मोठ्यानं म्हणाला. "जवळून बघू दे त्याला."

काही जण हसले. वेंडेल नाही म्हणाला असता तर आणखी हसले असते. तो निमूट येऊन समोर बसला.

ऐलीनं कागद ओला केला. सुरुवातीला तिचा हात बिचकला, मग रुळला. कपाळ झालं, नाकाचा बाक झाला. आणि डोळ्यांशी आल्यावर तिला दिसलं, की हा माणूस शरमेनं अर्धा झालाय. मागं कोणीतरी काहीतरी बोललं आणि त्यानं नजर खाली वळवली. ऐलीचा कुंचला क्षणभर हवेत राहिला. तिनं जे दिसलं ते काढलं.

चित्र पुरं झालं तेव्हा टाळ्या वाजल्या. लोरेननं ते उंच धरून सगळ्यांना दाखवलं. मागच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, की असा चेहरा मशीनला कसा सुचणार? त्यानंतर ऐलीला पाणी प्यायलाही सवड झाली नाही. लोक चित्रं तर घेतच होते, पण थांबून बोलतही होते. हा रंग कसा मिळवला, हा पक्षी कुठं बघितला, असं विचारत होते. सबंध उन्हाळ्यात तिला असं कोणी विचारलं नव्हतं.

समोर वेंडेलच्या स्टॉलवर मात्र कोणी फिरकलं नाही. गसनं येणाऱ्याजाणाऱ्याला सारी हकिगत सांगायचा सपाटाच लावला होता. कॉफीवाल्या मुलीनंसुद्धा वेंडेलचा कप न बोलता त्याच्यापुढं आपटला.

दुपार कलली. तंबू उतरायला लागले. वेंडेल आपले फोटो गुंडाळायचे सोडून ऐलीच्या स्टॉलशी आला आणि गसच्या रिकाम्या खोक्यावर टेकला. त्याचं चित्र वाळत टेबलावर पडलं होतं. त्यानं वाकून ते नीट बघितलं.

"चांगलं काढलंयस," तो म्हणाला. "मी बोलतो वाकडं, ते मला कबूल आहे. पण जे बोलायचं ते तोंडावर बोलतो. तक्रार मी केली नाही, ऐली. बाकीच्यांना काय वाटायचं ते वाटू दे. तुला तरी पटायला हवं."

"मला माहीत आहे, तू नाही केलीस."

"उगाच माझं मन राखायला म्हणू नकोस."

ऐलीनं रंगांचा डबा बंद केला आणि ती उठून उभी राहिली.

"मन नाही राखत. चल, लोरेन निघायच्या आत तिच्याकडे जाऊ. गसलाही बोलवून घे. तो फोन मीच केला होता."