सायलेन्सरचं भोक

“बन्सीची म्हैस तुझ्या फटफटीला बुजती. पान्हा चोरती म्हनं,” लंकाबाई भर रस्त्यात राधाकृष्णाला म्हणाली आणि डोक्यावरचा हंडा सावरत पुढं गेली. काडी टाकायची आणि चालू लागायचं, हा तिचा जुना धंदा.

फटफटी ओरडत होती हे मात्र खरं. सहा वर्षांपूर्वी राधाकृष्ण वाटणीवरून थोरल्या भावाशी, बन्सीशी, भांडून वस्तीवरून निघाला. त्याच महिन्यात त्यानं ही जुनी गाडी घेतली. सायलेन्सरला भोक तेव्हापासूनच. आता ते गंजून दोन बोटं जातील एवढं झालं होतं. दिवेलागणीला तो दुष्काळी कामावरून परतायचा, तेव्हा सडकेपासून दोन शेतं आत असलेल्या बन्सीच्या वस्तीपर्यंत तिची फाडफाड जायची. तिथून मैलभरावर सोनईत त्याची भाड्याची खोली. बायको नाही, पोर नाही. कुलूप काढायचं, स्टोव्ह पेटवायचा आणि एका माणसापुरता भात टाकायचा.

सहा वर्षांत बन्सी त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता. आता बोलला, तोही म्हशीसाठी आणि लंकाबाईच्या तोंडून. राधाकृष्णाला ते फार लागलं. तोंड तर नकोच होतं, आता आवाजही नको? बरं तर, नाही येणार ऐकू.

नवा सायलेन्सर घ्यायची ऐपत नव्हती. तो इंजिनांचा मिस्त्री, पण विहिरीच आटल्यावर मिस्त्रीला कोण पुसतो? सरकारी तलावाच्या कामावर तो रोजंदारीनं एक इंजिन सांभाळायचा, त्यात जेमतेम पोट भरायचं. वेल्डिंगवाल्या कानिफनाथानं सायलेन्सर नखानं टोकरून पाहिला आणि तसाच परत दिला.

“पत्रा न्हाई ह्यो, पापड हाय. झाळ लावली तर भोकाचं भगदाड व्हईल.”

मग राधाकृष्णानं कल्हईवाल्याकडून थोडा नवसागर मागून आणला. कानशीनं जुनं लोखंड घासून कीस पाडला. दोन्ही पाण्यात कालवून भोकावर लिंपलं. नवसागरानं कीस गंजतो आणि गंजता गंजता घट्ट धरतो. गंजानंच गंज बुजवायची ही युक्ती त्याला बन्सीनंच शिकवली होती, मिसरूड फुटायच्या वयात. त्या आठवणीचाही त्याला रागच आला. वरून त्यानं तेलाच्या डब्याचा पत्रा गुंडाळला, तारेनं आवळला आणि सुट्टीच्या रविवारी दिवसभर उन्हात वाळवला.

सोमवारी फटफटी नुसती पुटपुटली. काम एकदम चोख झालं होतं, पण कौतुकानं दाखवावं असं कुणी नव्हतं. संध्याकाळी वस्तीजवळून जाताना त्याला चोरासारखं वाटलं. जिथं जन्मला, त्या घरावरून तो गेल्याचं कुत्र्यालासुद्धा कळलं नाही. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. इतकं एकटं त्याला भांडणाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी कामावर निघताना त्यानं किक मारली आणि मान वर केली, तर समोर बन्सीची बायको मुक्ताबाई उभी. पायांवर मैलभराची धूळ, चेहरा उतरलेला. सहा वर्षांत ती पहिल्यांदाच या दारात आली होती.

“वहिनी, केला की आवाज बंद,” तो खाली बघत म्हणाला. “आता आनि कसली तक्रार?”

मुक्ताबाई ऐकतच राहिली. गाडी सुरू होती आणि आवाज नव्हता. ती ओट्यावर बसली.

“म्हंजी तुमी रोज जात-येत हुता? अवो, आमी काय काय मनात आनलं! मला कुनी धाडलं न्हाई, माझी मीच आले.” तिनं पदरानं डोळे पुसले. “ते भोक परत पाडा, भावजी. म्हैस बुजली तर बुजू द्या, आमी कोरा चहा पिऊ. ऐतवारची सुट्टी म्हाईत हाय, पर त्यावर तीन दिस झालं, ताट वाढलेलं तसंच उचलतीया. सा वर्सांत, धाकटा घराकडं गेल्याचं कानावर आल्याबिगर ह्यांनी रातचा घास घेतला न्हाई.”