मुद्दाम नाही

नर्सने डोक्याला चिकटवलेल्या वायरी काढल्या, तशी रेणुका उठून बसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झटका आला तेव्हाही मेंदूचा आलेख स्वच्छ होता. हे फेफरं नाही. फिटच्या गोळ्या हळूहळू बंद करू."

"म्हणजे तीन वर्षं नाटकच चाललंय की!" रेणुकाचा नवरा सतीश म्हणाला.

त्याच्या आईने, द्वारकाबाईंनी, झटकन त्याच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांपूर्वी हेच त्यांनी धाकट्या जावेला ऐकवलं होतं. ती अशीच मागीलदारी थरथरत पडायची. द्वारकाबाई तिच्या नाकाशी चप्पल धरायच्या आणि बाकीच्या बाया हसायच्या. एका संक्रांतीला ती माहेरी गेली, ती परत आलीच नाही.

"सतीश, तोंड आवर. डॉक्टरीणबाई, खरं सांगा, ही मुद्दाम करते का?"

"अजिबात नाही. झटके खरेच आहेत. मनावरचा भार कधी कधी शरीर असा बाहेर काढतं. त्यावर बोलून करायचे उपचार आहेत. दर आठवड्याला यावं लागेल, घरच्यांनासुद्धा."

"इतक्या लांब दर आठवड्याला कोण आणणार?" सतीश पुटपुटला.

"मी आणणार. सातच्या एसटीने. आणि पहिल्यांदा मीच बोलणार. घरात हिला काय काय ऐकवलंय ते मला ठाऊक आहे. निम्मं मीच ऐकवलंय."

मग रेणुका हळूच म्हणाली, "एसटीत मला उलटी होते, आई."

"होऊ दे. पिशवी मी धरीन."